चारची गोळी

कुंदा गेल्याचा फोन आमच्या कारखान्यात, मालकांच्या केबिनमध्ये आला. तिच्या प्रयोगशाळेतली नीलम बोलत होती. बाई जिन्यात बसल्या आणि तशाच राहिल्या, वरचे डॉक्टर धावत आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं ती सांगत होती. सगळं ऐकून मी विचारलं, "मशीन बंद केलंत का?" मग ती म्हणाली, "केलं. नळ्याही टाकल्या." मालक माझ्याकडे बघतच राहिले. नणंद गेल्याची बातमी ऐकून बाई मशीनची चौकशी करते... पण कुंदाला दुसऱ्या कुणाचा असा फोन आला असता तर तिनेही आधी हेच विचारलं असतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली आहे. तिच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात "संसार केला नाही, विज्ञानाला वाहून घेतलं" हेच फार होतं. तिने स्वतःला कशालाही वाहून घेतलेलं मी पाहिलं नाही. तिला प्रश्न पडायचे आणि ते सुटेपर्यंत तिला जेवण गोड लागायचं नाही, एवढंच.

ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी लग्न होऊन बोरीवलीच्या घरात आले तेव्हा ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे एम.एस्सी., पीएच.डी., मग अंधेरीला एका रुग्णालयाला जोडून असलेल्या संशोधन प्रयोगशाळेत नोकरी. लग्नाचा विषय सासूबाईंनी दोन-तीनदा काढला, कुंदाने ऐकून घेतला, आणि तो आपोआप बंद पडला. आम्ही बाल्कनीला काचा लावून तिला खोली करून दिली. तिथे एक टेबल, एक खाट आणि परदेशी मासिकांचे गठ्ठे. ती मासिकं बोटीने यायची, त्यामुळे जगात कुणीतरी काहीतरी शोधून काढलं की ते बोरीवलीला तीन-चार महिन्यांनी कळायचं. पाकीट फोडताना तिचा चेहरा माहेरचं पत्र आल्यासारखा व्हायचा. माझा तिला एकच नियम होता, प्रयोगशाळेतली कुठलीही वस्तू माझ्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही. तो तिने पाळला. बाकी तिने काय करावं आणि कधी घरी यावं, यात मी पडले नाही. एका लक्ष्मीपूजनाला तर सगळी आरास तशीच टाकून ती सकाळीच निघाली, कारण ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून शिशाच्या जाड डब्यातून त्यांच्या प्रयोगाचा किरणोत्सारी फॉस्फरस आला होता. हे चिडले. कुंदा चपला घालता घालता म्हणाली, "दादा, चौदा दिवसांत तो अर्धा होऊन जातो. लक्ष्मी पुढच्या वर्षी परत येईल, हा यायचा नाही."

तिचं काम काय, हे मला नीट कळलं ते सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलताना. रविवारी संध्याकाळी मी कामावरून आले की आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून सोलायचो, आणि हात कामात असले की तिची जीभ मोकळी सुटायची. शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे दारं-खिडक्या लावून बसलेलं घर, असं तिने एकदा सांगितलं. बाहेरून निरोप येतो, पण निरोप आणणारा आत येत नाही. दारावर थाप मारतो आणि थांबतो. तरी आतल्या सगळ्यांना कळतं आणि ती कामाला लागतात.

"आत सांगतं कोण मग?" मी विचारलं.

"हाच प्रश्न आहे ना! आता नवीनच निघालंय. थाप पडली की आत एक कात्री चालते. भिंतीतल्याच एका स्निग्ध पदार्थाचे ती दोन तुकडे करते. एक तुकडा पाण्यात उतरतो, आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतो. दुसरा भिंतीतच राहून वेगळ्याच लोकांना उठवतो."

"म्हणजे निरोप द्यायला भिंत कापायची? घर पडत नाही?"

कुंदाने सोललेलं सुंगट तसंच हातात धरलं. "नाही पडत. परत जोडतात. कसं जोडतात ते विचार की!" मी विचारलं नाही, कारण कढी व्हायची होती. पण मला ते आवडलं होतं. चिमूटभर काहीतरी दाराला लागतं आणि आत एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला असं पोहोचत जातं. मी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत लेबलं छापण्याच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. एका बाईने दुसरीला सांगितलेलं काम तिसरीपर्यंत कसं बिघडतं, हे मी रोज बघते. तिथे ते बिघडत नाही याचंच मला नवल वाटलं.

तिचा प्रयोग प्लेटलेट्सवर चालायचा. जखम झाली की रक्तातले जे बारीक कण एकमेकांना चिकटून भोक बुजवतात, ते हे. रुग्णालयातल्या एखाद्या आजाऱ्याच्या रक्ताशेजारी दर वेळी एका धडधाकट माणसाचं रक्त लागायचं, नाहीतर फरक कळणार कसा. बरीच वर्षं ते धडधाकट माणूस कुंदा स्वतःच होती. मग एका रविवारी मला म्हणाली, "वहिनी, तुझ्याइतकं ठणठणीत माझ्या ओळखीत कोणी नाही. येशील का गं?" आमच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी असते. मी गेले. नीलमने जाड सुईने सावकाश रक्त काढलं आणि प्लास्टिकच्या नळीत सोडलं. काच चालत नाही, काचेला लागले की हे कण आपले आपणच चिडतात, असं तिने सांगितलं. यंत्रात हळू फिरवल्यावर वर पिवळसर पाणी राहिलं. कुंदाने नळी उजेडात धरून हलवली, तर त्या पाण्यात रेशमी खणावर उजेड फिरतो तसे चकाकते वळसे उठले. "या तुझ्या प्लेटलेट्स. जिवंत आहेत म्हणून चमकतात," ती म्हणाली. स्वतःच्या रक्ताकडे मी तोपर्यंत कधी कौतुकाने बघितलं नव्हतं.

पुढचं सोपं होतं. गढूळ पाण्यातून उजेड सोडायचा, त्यात निरोपाचा थेंब टाकायचा. कण चिकटले की पाणी निवळतं, जास्त उजेड पलीकडे जातो आणि पेन सरकत्या कागदावर रेघ वर चढवतं. कुंदाच्या रक्ताची रेघ चढली, किंचित थबकली आणि पुन्हा उंच चढली. माझी चढली, थबकली... आणि हळूहळू खाली आली. कुंदाने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिने चष्मा काढून पुसला. "पहिली चढण बाहेरच्या हाकेची," ती म्हणाली. "दुसरी त्यांची स्वतःची. हाक ऐकून प्रत्येक प्लेटलेट शेजारणीला हाक देते. तुझ्या ऐकतात, पण पुढे हाकच देत नाहीत."

"माझ्यावर गेल्यात," मी म्हटलं. ती हसली नाही.

त्यानंतर तीन-चार गुरुवार मी गेले. दर वेळी माझी रेघ खाली यायची. ॲस्पिरिन घेतलेल्या माणसाचं रक्त नेमकं असं वागतं, कारण हाक देण्याचा पदार्थच त्या गोळीमुळे तयार होत नाही, आणि हे संशोधन करणाऱ्यांना अगदी सुरुवातीला शिकवतात. साहजिकच कुंदाने पहिला प्रश्न तोच विचारला. मी सांगितलं, नाही. दुसरं काही औषध? नाही. डोकं दुखतं तेव्हा? "घरात कधी बघितलंस मला गोळी घेताना?" तिने बघितलं नव्हतं. वीस वर्षं एका घरात राहून तिने मला एकदाही गोळी घेताना पाहिलं नव्हतं, आणि मलाही त्याचा तोरा होता. तिने वहीत लिहिलं, 'कोणतेही औषध नाही', आणि खाली रेघ मारली. मग माझे हात उलटसुलट करून पाहिले. कोपरापर्यंत निळे-हिरवे डाग. ते गठ्ठे उचलून पडतात अशी माझी समजूत होती. आदल्या वर्षी दाढ काढली तेव्हा दिवसभर रक्त थांबलं नव्हतं, तेही मी सांगितलं. तिने सगळं उतरवून घेतलं. जन्मापासूनच हाक देता न येणारी माणसं जगात मोजकीच सापडली आहेत, गोळी न घेता गोळी घेतल्यासारखी, असं ती म्हणाली. तेव्हा तिचा आवाज इतका हळू झाला होता की मलाच आपल्याविषयी आदर वाटू लागला.

तिच्या दृष्टीने हे किती मोठं होतं ते सांगायला हवं. पंधरा वर्षं ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या हाताखाली काम करत होती. निबंधांवर त्यांचं नाव आधी, मग आणखी दोघांचं, मग कुंदाचं. हा पहिलाच निबंध तिच्या एकटीच्या नावावर दुसऱ्या शहरातल्या परिषदेत वाचला जाणार होता. प्रमुखांनीच तशी मुभा दिली होती, आणि तो गाजला तर तिला स्वतःची वेगळी खोली, वेगळी माणसं मिळतील असंही सुचवलं होतं. तिने निबंध टंकलिखित करून पाठवला. त्यात माझं नाव नव्हतं, 'धडधाकट वाटणारी एक प्रौढ स्त्री' असं होतं. मला ते 'वाटणारी' खटकलं होतं.

त्याच सुमारास आमच्या वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि कारखाना तीन आठवडे बंद राहिला. मी घरी बसून डबे घासले, पडदे शिवले. तिसऱ्या आठवड्यात कुंदाने आणखी एकदा बोलावलं, परिषदेत दाखवायला एक स्वच्छ रेघ हवी म्हणून. पेन वर गेलं, थबकलं... आणि पुन्हा वर गेलं. सरळ कुंदाच्या रेघेच्या बरोबरीने.

मला वाटलं, बरं झालं, मी सुधारले. कुंदाचा चेहरा मात्र पांढरा पडला. नळ्या बदलल्या गेल्या असतील म्हणून तिने दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. तीच रेघ. थेंबाची बाटली नवी फोडली. तीच रेघ. कारखाना सुरू झाला, पुढच्या गुरुवारी पुन्हा घेतलं, तर रेघ आपली खाली. ती रात्री जेवताना पोळीचा घास हातात धरून बसली होती. "वहिनी, जन्माचा दोष असा तीन आठवडे रजेवर जात नाही," ती म्हणाली. हे म्हणाले, "रक्तच कामावर जातं वाटतं हिच्याबरोबर." ते थट्टा करत होते. कुंदाने घास ताटात ठेवला. "दादा, बरोबर बोललास," ती म्हणाली आणि उठली.

तिचा संशय शाईवर गेला. आमच्याकडे शाई पातळ करायला जे वापरतात त्याचा वास दुपारपर्यंत डोक्यात चढतो. त्यातलं काहीतरी प्लेटलेट्सच्या आतला निरोप अडवत असेल, तर ते जन्मजात दोषाहूनही नवीन, असं तिला वाटू लागलं होतं. मालकांची परवानगी घेऊन ती एक दिवस रजा टाकून माझ्याबरोबर चारकोपला आली. पिशवीत बुचाच्या बारा बाटल्या. सकाळपासून ती प्रत्येक डब्यातली शाई थोडी थोडी घेत होती, चिठ्ठ्या चिकटवत होती, कोण कुठे बसतं ते वहीत काढत होती. बायकांना ऊत आला होता. "मॅडम, लाल घेऊ नका, ती आंबट आहे!" "मॅडम, आमचं पण रक्त तपासा, नवऱ्याने किती उरू दिलंय बघू तरी!" कुंदाने तेही लिहून घेतलं असावं.

चार वाजले. शेवंता चहाची किटली घेऊन आली. ती तेव्हा बारा वर्षं चहा देत होती, आणि एका हातात किटली, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा असायचा. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत. वासाने बायकांची डोकी धरायची, बायका घरी जायच्या, काम अडायचं. म्हणून चारच्या चहाबरोबर प्रत्येकीला एकेक पांढरी गोळी. वेष्टन नाही, नाव नाही. आम्ही तिला 'चारची' म्हणायचो. ती औषध आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. चहात साखर, चहाबरोबर चारची. मी कुंदाशी निळ्या शाईबद्दल बोलत होते, बोलता बोलता हात पुढे केला, शेवंताने गोळी ठेवली, मी तोंडात टाकली आणि चहाचा घोट घेतला.

कुंदाच्या हातातली बाटली तशीच राहिली. घाबरली की तिची मालवणी बाहेर यायची. "ह्यां काय गो, वहिनी?"

"काय?"

"तोंडात काय टाकलंस?"

"चारची," मी म्हटलं.

शेवंताने डबा पुढे केला. "घ्या मॅडम, तुम्हाला पण एक. सकाळपासून शाई हुंगताय, डोकं धरलं असेल."

कुंदाने दोन गोळ्या घेतल्या, एक जिभेला लावून बघितली, दुसरी रुमालात बांधली. मग खुर्चीवर बसून सगळा चहा सावकाश प्यायली. "कधीपासून?" तिने विचारलं. मी म्हटलं, लागले तेव्हापासून, अकरा वर्षं. "रोज?" "सुट्टीखेरीज रोज." ती तिथे काम करणाऱ्या चौदाही बायकांकडे एकेक करून बघत होती. मला वाटलं आता चिडेल. तिने विचारलं, "तुमच्यात अंगावर जास्त जातं असं कुणाकुणाला होतं गं?" आधी हशा पिकला. मग एकेक करत नऊ हात वर झाले.

रुमालातली गोळी प्रयोगशाळेत तपासली, ती ॲस्पिरिनच निघाली. मला अपराधी वाटलं असं लिहिणं खोटं होईल. मला राग आला, आधी स्वतःचा आणि मग तिचा. कारण ती बाल्कनीतल्या टेबलाशी बसून परिषदेला पत्र लिहीत होती. मी म्हटलं, "कुंदा, निबंध गेलाय ना? राहू दे की. तिथून कोण येतंय चारकोपला किटली बघायला? पंधरा वर्षांनी नाव लागतंय तुझं."

"वहिनी, तुझ्याकडे लेबल चुकीचं छापलं गेलं तर तू काय करतेस?"

"गठ्ठा रद्द करते."

"गिऱ्हाइकाच्या लक्षात येणार नसेल तर?"

औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापतो आम्ही. तिने पत्र पुरं केलं, मला वाचायला दिलं. 'निरीक्षण बरोबर होते, मी विचारलेला प्रश्न अपुरा होता' असं त्यात लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते रजिस्टर्ड पोस्टाने मीच पाठवलं. प्रमुखांनी तिला महिनाभर टोमणे मारले, आणि वेगळी खोली पुढे दुसऱ्या कुणाला मिळाली. कुंदाला त्याचं काहीच वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत ती दोन-तीनदा मासिकाचं पाकीट न फोडता झोपली. पण एका सकाळी चहा ओतताना म्हणाली, "वहिनी, तू गोळी सोड. मग दर तिसऱ्या दिवशी मला रक्त दे. रेघ किती दिवसांत वर येते ते बघायचंय." मला हसू आलं. तिची वाट लावणारी माझीच गोळी, आणि ती आता त्याच गोळीकडे कुतूहलाने बघत होती. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे बिघडलेली वस्तू तिला पुन्हा करता येत नाही, ती तशीच मरते. रोज थोड्या जुन्या जातात, थोड्या नव्या येतात. माझी रेघ दर तिसऱ्या दिवशी थोडी थोडी वर येत गेली, दहाव्या दिवशी पूर्ण चढली. हे जगाला आधीच माहीत होतं. "माहीत असणं वेगळं, बघणं वेगळं," कुंदा म्हणाली. कारखान्यात मी मालकांपुढे नऊ हातांची गोष्ट ठेवली आणि भिंत फोडून हवा बाहेर फेकणारे दोन मोठे पंखे बसवून घेतले. पत्र्याच्या डब्यात आता टाचण्या असतात. माझ्या हातांवरचे डाग गेले.

दोन वर्षांपूर्वी कुंदाला हृदयविकाराचा पहिला झटका आला. हृदयाच्या नळीत प्लेटलेट्सची गुठळी. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांचा कागद दिला. तिने तो वाचला आणि वॉर्डात मोठ्याने हसत सुटली, इतकी की नर्स रागावली. "वहिनी, वाच, वाच." तिसऱ्या ओळीत तीच गोळी, कमी मात्रेची, रोज एक, जन्मभर. प्लेटलेट्सच्या हाका बंद व्हायला हव्यात म्हणून. मी म्हटलं, "चारला देत जाईन, चहाबरोबर." आणि घरी असलो की देत गेले. प्रयोगशाळेत असली की कारखान्यात फोन करायची, "घेतली हो चारची." अडचण एकच झाली. धडधाकट माणूस म्हणून तिचं स्वतःचं रक्त आता चालेना. तेव्हा तिने वहीत 'नॉर्मल' या रकान्यातलं आपलं नाव खोडलं आणि तिथे लिहिलं 'वहिनी'. तिच्या शेवटच्या दोन वर्षांच्या कामातली प्रत्येक रेघ माझ्या रेघेशेजारी ठेवून वाचलेली आहे. 'वाटणारी' हा शब्द त्यात कुठेही नाही. मी शोधला.

तिची खोली मी आवरली. मासिकं तिच्या ग्रंथालयाला दिली. तिच्या चारच्या गोळ्यांची पट्टी मात्र चहाच्या डब्याशेजारी होती तिथेच आहे. सहा गोळ्या शिल्लक आहेत. परवा नीलमचा फोन आला. बाईंचं अर्धवट राहिलेलं काम ती पुरं करणार आहे, ट्रॉम्बेहून फॉस्फरस येतोय, दुसरं धडधाकट माणूस घेतलं तर जुन्या रेघांशी जुळवता येणार नाही... येत्या गुरुवारी याल का? आणि मग जरा चाचरत, "दोन आठवड्यांत गोळी वगैरे काही घेतली नाही ना?" तिने कुंदाचाच प्रश्न कुंदाच्याच सुरात विचारला. मी म्हटलं, नीट विचार. घरात, कारखान्यात, चहाबरोबर, कुणी हातावर ठेवली म्हणून, असं सगळं विचार. तिने एकेक करून विचारलं. मी एकेक करून नाही म्हटलं.

आता चार वाजायला आलेत. चहा ठेवला आहे. सकाळपासून माझं डोकं ठणकतंय, म्हणून कामावर गेले नाही, आणि पट्टी हाताच्या अंतरावर आहे. गुरुवारपर्यंत ठणकू दे.